छायाचित्राखालची नावे

शाळेच्या वार्षिकाला मराठीत नेमके काय म्हणावे याविषयी आपल्यात एकवाक्यता नाही. छापून निघाले तर ते ‘वार्षिकांक’ किंवा नुसतेच ‘वार्षिक’. मुलांनी हाताने लिहून, चित्रे काढून, बांधून ठेवले तर ‘हस्तलिखित’. शब्द वेगळे आहेत, आणि त्यांच्यामागच्या अपेक्षाही वेगळ्या आहेत. हस्तलिखित म्हटले की आधी अक्षर पाहिले जाते. वार्षिकांक म्हटले की अहवाल. बंगालीत या दोहोंना ‘पत्रिका’ हा एकच शब्द चालतो. मराठी कानाला पत्रिका म्हणजे जन्माची किंवा लग्नाची. बंगाली माणसाच्या मनात मात्र त्या शब्दाबरोबर वाचक उभा राहतो, आणि वाचक उभा राहिला की लिहिणाऱ्याकडून करावयाच्या अपेक्षांचे स्वरूपच पालटते. मुलांनी वर्गात बसून, शिक्षकांच्या देखत, तासांच्या हिशेबात आपल्या वर्षाचे वार्षिक तयार करावयाचे असेल, तर त्यांच्याकडून कोणती अपेक्षा धरावी? हा प्रश्न माझ्यापुढे आला तो कोलकात्यातील बागबाजारच्या वास्तव्यात. तोपर्यंत वार्षिक ही मला विचार करण्याजोगी वस्तू वाटलेली नव्हती.

महाराष्ट्रातील शाळांतून ज्यांनी शिक्षण घेतले त्यांना हस्तलिखिताची रीत परिचित असेल. वळणदार अक्षराची चार मुले निवडली जात. लेख कोणाचाही असो, तो उतरवून काढण्याचा मान त्या चौघांचा. चित्रकलेचे शिक्षक मुखपृष्ठावर सरस्वती किंवा उगवता सूर्य रेखाटून देत. जाड कागद, रंगीत शाईने आखलेली चौकट, लेखाच्या अखेरीस उरलेल्या जागेत एखादे कमळ. अशी सिद्ध झालेली एकुलती एक प्रत स्नेहसंमेलनाच्या दिवशी पाहुण्यांच्या हाती दिली जाई. पाहुणे पाचसहा पाने उलटीत, कौतुकाचे दोन शब्द बोलत, आणि त्यानंतर ती मुख्याध्यापकांच्या खोलीतील काचेच्या कपाटात जाई. कपाटाला कुलूप असे. मजकुराविषयीची अपेक्षा एवढीच की शुद्धलेखनाची चूक नसावी आणि कोणाच्या मनाला लागेल असे काही नसावे. या परंपरेला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. अनेकांच्या हाताला तिने वळण लावले. पण जे वळण लागले ते हाताला.

अपवाद अर्थातच होते. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी ‘छात्रालय दैनिक’ हे हस्तलिखित सुरू केले; पुढे १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले. दैनिक! म्हणजे वर्षातून एकदा सजवावयाची वस्तू नव्हे, तर मुलांनी रोज वाचावयाचा कागद. मात्र त्यातला लिहिता हात मुख्यतः गुरुजींचाच होता. हस्तलिखिताला वाचक मिळाला, पण लेखक अद्याप शिक्षकच राहिला.

बंगालमध्येही ही अडचण नव्हती असे नाही. १८८५ साली ठाकूर घराण्यातील ज्ञानदानंदिनी देवींनी ‘बालक’ हे मासिक काढले ते घरातल्या मुलांना लिहिण्यासाठी जागा मिळावी म्हणून. बलेंद्रनाथ, सरला यांच्यासारख्या घरातल्या मुलांच्या लेखण्या तेथे चालू लागल्या हे खरे. पण केवळ मुलांच्या बळावर मासिक चालेना, म्हणून रवींद्रनाथांना हाताशी घ्यावे लागले, आणि त्यांची ‘राजर्षि’ ही कादंबरी तेथे क्रमशः येऊ लागली. वर्षभरात ‘बालक’ हे ‘भारती’त विलीन झाले. बंगाली कादंबरीचा त्यात लाभ झाला. मुलांचे मासिक मात्र मोठ्यांचे झाले. ज्या पत्रिका मुलांच्या वा तरुणांच्याच राहिल्या त्या बहुधा घराबाहेरच्या आणि वर्गाबाहेरच्या. शरच्चंद्रांच्या भागलपूरच्या मंडळींची ‘छाया’ घ्या, किंवा सुकुमार राय यांच्या नॉन्सेन्स क्लबची ‘साडे बत्रिश भाजा’ घ्या. दोन्ही हस्तलिखितेच, पण हातोहात फिरणारी, मित्रांनी वाचून टिंगल केलेली. त्यांच्याकडून कोणी शिक्षकाने काही अपेक्षिले नव्हते, आणि त्यांचे तेज कदाचित त्यातच होते. वर्गातल्या वार्षिकाला ही मोकळीक नसते. तेथे घंटा असते, गुण असतात, आणि नाव शाळेचे असते.

बागबाजारात मी काही वर्षे राहिले ती सखाराम गणेश देउस्करांच्या निमित्ताने. देवघरच्या परिसरात वाढलेला हा मराठी माणूस शाळामास्तर होता आणि बंगालीत लिहीत होता. त्याचे ‘देशेर कथा’ १९०४ साली निघाले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. त्याच्या शोधात ग्रंथालये पालथी घालताना या वस्तीत पाय टेकला आणि रेंगाळला. छापील अक्षराशी या वस्तीचे नाते जुने आहे. येथल्या रीडिंग लायब्ररीची स्थापना १८८३ ची. जेसोरमधल्या खेड्यात १८६८ साली घोष बंधूंनी काढलेली ‘अमृत बाजार पत्रिका’ कलकत्त्यात येऊन याच वस्तीतल्या आनंद चॅटर्जी लेनमध्ये स्थिरावली. १८७८ च्या देशी भाषांच्या वृत्तपत्रांवरील कायद्याला चकविण्यासाठी तिने एका अंकापासून दुसऱ्या अंकापर्यंत बंगालीची इंग्रजी केली, आणि १९९१ मध्ये ती बंद पडली. १८९९ मध्ये निघालेल्या ‘उद्बोधन’चे घर येथेच आहे. आणि १६, बोसपाडा लेन या घरात १३ नोव्हेंबर १८९८ रोजी भगिनी निवेदितांनी मुलींची शाळा सुरू केली. पेस्टालोझी आणि फ्रोबेल यांच्या विचारांत तयार झालेल्या त्या बाईंनी वर्गात केलेली वस्तू वर्गाबाहेरच्या डोळ्यांसमोर ठेवण्यास कधी अनमान केला नाही. वज्राचे चिन्ह असलेला जो ध्वज त्यांनी कल्पिला तो त्यांच्या विद्यार्थिनींनी भरतकाम करून सिद्ध केला आणि १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसच्या वेळी प्रदर्शनात मांडला गेला. मी पुढे ज्या शाळेविषयी लिहिणार आहे ती ही नव्हे. ती त्याच वस्तीतली, पण साधी, अंगणाऐवजी गच्ची असलेली एक मुलींची शाळा आहे, आणि तिचे नाव सांगण्याचे कारण नाही.

त्या शाळेत इतिहास शिकविणाऱ्या एक बाई माझ्या शेजारी राहत. नववीच्या मुलींकडून त्या कर्मशिक्षेच्या तासाला वार्षिक करवून घेणार होत्या. पश्चिम बंगालच्या माध्यमिक अभ्यासक्रमात कर्मशिक्षा हा विषय १९७४ पासून आहे. त्यात मुली सहसा शिवण, पुठ्ठाकाम, मेणबत्त्या असे काही करतात. ‘तुमच्याकडची हस्तलिखिते कशी असत ते येऊन सांगा,’ असे त्यांनी मला म्हटले, आणि मी गेले. एकदा गेले ती पूजेच्या सुट्टीनंतर शाळा उघडल्यापासून सरस्वतीपूजेपर्यंत, आठवड्यातून एक तास, जातच राहिले.

बाईंनी पहिल्या दिवशी फळ्यावर ज्या अपेक्षा लिहिल्या त्यांत ‘सुंदर’ हा शब्द कोठेही नव्हता. वर्गातील प्रत्येकीने काही ना काही लिहिलेच पाहिजे. ज्यांना लिहिता येते त्यांनीच लिहावे ही सवलत नाही. कोणाचाही मजकूर दोन मुलींनी वाचून, खाली सही करून दिल्यावाचून पुढे जाणार नाही. माणसाचे नाव छापावयाचे तर ते त्या माणसाला विचारून, त्याच्याकडून लिहून घेऊन. जी गोष्ट सांगाल ती तुम्हांला कशी कळली तेही सांगा. पैशाचा हिशेब सर्वांसमोर. आणि तारीख पुढे ढकलली जाणार नाही. कारण सरस्वती कोणासाठी थांबत नाही. गुण लेखाला मिळणार नव्हते. ते मिळणार होते प्रत्येकीच्या वहीला: पहिला खर्डा, त्यावरची मैत्रिणींची दुरुस्ती, दुसरा खर्डा, असे सारे जिच्यात जपून ठेवलेले असेल त्या वहीला. मला हे विशेष वाटले. आपण छापून आलेल्या पानाला गुण देतो, आणि मुलगी ते पान मामाकडून किंवा शिकवणीच्या सरांकडून लिहून आणते. वहीवरील खाडाखोड मात्र उसनी आणता येत नाही.

जाहिराती घेऊ नयेत हेही बाईंनी सांगून टाकले. बागबाजारात सार्वजनिक पूजेच्या स्मरणिका जाहिरातींवर उभ्या असतात, तेव्हा मिठाईच्या दुकानाचे एक पान मुलींच्या मनात आधीपासून होते. ‘जाहिरात घेतली की अंक दुकानदाराने वाचावा म्हणून करावा लागतो,’ असे बाई म्हणाल्या, आणि विषय संपला. रसगुल्ल्याच्या गावात हा निर्णय कठीणच.

फ्रान्समध्ये सेलेस्तॅं फ्रेने या शिक्षकाने १९२० नंतरच्या दशकात जे केले त्याची मला या वेळी वारंवार आठवण होई. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुफ्फुसाला जखम झाली होती. तासभर मोठ्याने बोलणे त्याला झेपत नसे. त्याने खेड्यातल्या आपल्या वर्गात एक लहानसे हातछपाईचे यंत्र आणले. मुले आपल्या मनाने लिहीत, कोणते लेखन छापावयाचे ते वर्गात ठरवीत, स्वतः खिळे जुळवीत, आणि छापलेली पाने दूरच्या दुसऱ्या शाळेतल्या मुलांना पाठवीत. आरशात पाहिल्यासारखी उलटी अक्षरे एकेक करून वेचू लागले की शब्दाचे वजन बोटांना कळते. आज जुळारी नाहीत आणि खिळेही नाहीत. चितपूरच्या रस्त्यालगतच्या ज्या छापखान्यात या मुलींचा अंक छापावयाचा होता तेथे सारे संगणकावर होई. पण दूरच्या वाचकाची अपेक्षा हा फ्रेनेचा खरा शोध होता, असे मला वाटते. यंत्र हे त्याचे निमित्त. जो तुम्हांला ओळखत नाही त्याला तुमचे वर्ष समजले पाहिजे, ही अट एकदा घातली की ‘माझा आवडता ऋतू’ आपोआप गळून पडतो.

तो येथेही गळला. पण त्याच्या जागी जे आले त्याने मलाच पेचात टाकले. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे. १७४२ साली मराठ्यांच्या भीतीने कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला; सात मैलांपैकी तीनेक मैल खणून झाला, मराठे शहरावर आले नाहीत, आणि पुढे १७९९ मध्ये तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. त्या खंदकाचे उत्तरेकडचे टोक बागबाजारात. एका मुलीने आपल्या पाड्याविषयी लिहिताना या गल्लीवर लिहिले, आणि वर्गी म्हणजे कोण ते आजीच्या अंगाईतून तिला जसे ठाऊक होते तसे लिहिले: लुटारू, गावे जाळणारे, ज्यांच्या नावाने मुले निजतात ते. तिचा मजकूर वाचून सही करणाऱ्या दोघींनी सही केली नाही. कारण विचारले तर एक म्हणाली, ‘दिदि मराठी आहेत. त्या आमच्याकडे पाहुण्या आहेत.’ शाळेतल्या दुसऱ्या एका ज्येष्ठ बाईंनाही ते पटले. त्यांनी ‘वर्गी’च्या जागी ‘आक्रमक’ असा शब्द सुचविला.

सौजन्याने कापलेला मजकूर हाही कापलेलाच असतो. मी म्हटले की शब्द बदलू नका. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगाल-ओडिशात दहा वर्षे आल्या आणि गेल्या. आमच्या क्रमिक पुस्तकांत त्यांना ‘स्वाऱ्या’ म्हणतात, आणि भास्करराम कोल्हटकराचा १७४४ साली दग्याने खून झाला एवढे त्यांतले दुःख आम्हांला शिकविलेले असते. गंगाराम कवीचे ‘महाराष्ट्र पुराण’ ज्यांनी वाचले आहे त्यांना दुसरे दुःखही ठाऊक आहे. ‘बारगीर’ हा आमच्याकडे सरकारी घोड्यावर बसणाऱ्या साध्या शिपायाचा शब्द. तोच बंगालीत येऊन ‘वर्गी’ झाला, आणि हुद्द्याचा अर्थ जाऊन भयाचा अर्थ उरला. मी त्या मुलीला एवढेच म्हटले की, आजीकडून ऐकले ते आजीकडून ऐकले असे लिही, आणि खंदकाचे साल कोठे सापडले तेही लिही. ती वाचनालयात गेली. मी सांगितलेल्या पुष्कळ माहितीपैकी तिने दोन वाक्ये घेतली, बाकीची ठेवून दिली, आणि ते योग्यच होते. लेख तिचा होता. मग तिने मला विचारले, ‘दिदि, तुमच्याकडे या गोष्टीची अंगाई आहे का?’ नाही, असे मी सांगितले. माझे हे ‘नाही’ तिने एका मराठी बाईंकडून कळले म्हणून लेखाच्या शेवटी घातले. मराठी आणि बंगाली साहित्यांच्या तौलनिक अभ्यासावर मी पुष्कळ वाचले आहे. त्या एका वाक्यापाशी मी अजून थांबते.

पण त्या वार्षिकाची खरी कसोटी लागली ती एका छायाचित्रावरून. छापखान्याच्या मालकांनी मुलींना समजावून दिले होते की मधोमध टाचलेल्या पुस्तिकेची पाने चाराच्या पटीत असावी लागतात. तुमची सव्वीस भरली आहेत, तेव्हा दोन काढा किंवा दोन वाढवा. वाढवावयाला पैसे नव्हते. काढावयाचे काय? मुख्याध्यापिकांचे मनोगत काढता येत नाही हे कोणी न सांगता सर्वांना ठाऊक होते. मुलींनी मोजून मापून सुचविले की वर्गाचे पानभर छायाचित्र आणि त्यासमोरची नावांची यादी, ही दोन्ही पाने एकत्र करावी, आणि आणखी एक पान इतरत्र वाचवावे. छायाचित्र पंधरा ऑगस्टचे, झेंडावंदनानंतर गच्चीवर घेतलेले. त्याखाली ओळीने नावे द्यावयाची. तेव्हा लक्षात आले की छायाचित्रात एकेचाळीस मुली आहेत आणि हजेरीपटावर चाळीस.

एकेचाळिसावी पूजेच्या सुट्टीत गावी गेली ती परतली नव्हती. तिचे लग्न झाले होते. वय पंधरा. वर्गात हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हते. मुलींनी अठरा वर्षांपर्यंत अविवाहित राहून शिकावे म्हणून सरकारने २०१३ पासून कन्याश्री योजनेखाली शिष्यवृत्ती ठेवली आहे. तिचा फलक शाळेच्या जिन्यातच लावलेला होता, आणि त्याच जिन्याने ती मुलगी खाली उतरून गेली होती. कार्यालयाचे म्हणणे सरळ होते. पटावरून नाव कमी झाले आहे. वार्षिक वर्गाचे आहे. वर्गात चाळीस मुली आहेत. नाव छापले तर कोणी विचारील की ही कोठे आहे, आणि मग उत्तर द्यावे लागेल. हा आग्रह दुष्टपणाचा नव्हता. त्यात शाळेची भीती होती, आणि त्या मुलीच्या घराची लाज सांभाळण्याचाही भाग होता. पण फळ्यावर पहिल्या दिवशी लिहिलेल्या अपेक्षा कोणी पुसल्या नव्हत्या. एक मुलगी उठून म्हणाली, ‘दुसऱ्या ओळीत ती तिसरी उभी आहे. दुसरी कोण आणि चौथी कोण ते आम्ही लिहिणार. मग मध्ये काय लिहायचे?’

त्याच छायाचित्राच्या कडेला, अर्धी चौकटीबाहेर, माशी उभी होती. बंगाली शाळेत माशी म्हणजे मावशी नव्हे, किंवा मावशीच. पाणी भरणारी, घंटा देणारी, लहान मुलींना पडल्यावर उचलणारी. तिचे नाव छापावयाचे तर नियमाप्रमाणे तिच्याकडून लिहून घ्यावयास हवे, म्हणून दोन मुली गेल्या. आणि शाळेत आठ-नऊ वर्षे काढलेल्या त्या मुलींना तेव्हा कळले की माशीचे नाव आपल्याला ठाऊक नाही, आणि ते लिहून द्यावयास तिला सही करण्यापुरतीच अक्षरे येतात. तिने ती सावकाश लिहिली. मुलींनी तो कागद वहीत डकवून ठेवला आहे; मी पाहिला.

वर्गात तयार होणारे प्रकाशन कोणाचे, हा प्रश्न जगात अन्यत्र न्यायालयापर्यंत गेलेला आहे. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात हेझलवूड ईस्ट या शाळेत वृत्तपत्रविद्येच्या वर्गातली मुले ‘स्पेक्ट्रम’ नावाचे पत्र काढीत. १९८३ च्या मे महिन्यात मुख्याध्यापकांनी त्यातली दोन पाने छापण्यापूर्वी काढून टाकली. एका लेखात शाळेतल्या गरोदर राहिलेल्या मुलींच्या हकिकती होत्या. नावे बदललेली असली तरी ओळख पटेल असे त्यांना वाटले. दुसरा लेख आईवडिलांच्या घटस्फोटाविषयी होता, आणि त्यात आईबापांना आपली बाजू सांगण्याची संधी दिली नव्हती असे त्यांचे म्हणणे. तीन विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या. १३ जानेवारी १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूने निर्णय दिला. पत्र अभ्यासक्रमाचा भाग आहे, तेव्हा शैक्षणिक कारणासाठी शाळा त्यावर नियंत्रण ठेवू शकते, असे बहुमताचे म्हणणे पडले. या निकालावर तेथे आजही वाद चालतो, आणि माझी सहानुभूती त्या तीन मुलींकडे आहे. तरी त्या मुख्याध्यापकांच्या मनात आलेली एक शंका मला खोटी वाटत नाही: जी मुलगी समोर नाही तिची हकिकत दुसऱ्यांनी सांगावी का?

बागबाजारच्या मुलींनी हे दोन प्रश्न वेगळे केले, आणि ते त्यांना कोणी शिकविले नव्हते. एकीने त्या मैत्रिणीच्या लग्नावर लेख लिहून आणला होता. चांगला होता, संतापाने लिहिलेला होता. वाचणाऱ्या दोघींनी त्यावर शेरा लिहिला: हिला विचारले आहे का? विचारलेले नव्हते, विचारण्याची सोयही नव्हती. तिचा फोन आता तिचा राहिला नव्हता. लेख वहीत राहिला, आणि वहीला त्याचे गुण मिळाले. नाव मात्र तिचे स्वतःचेच होते. ते शाळेत दाखल होताना तिने हजेरीत शेकडो वेळा ओ देऊन आपले केले होते, आणि पंधरा ऑगस्टला ती त्या गच्चीवर होती ही गोष्ट पटावरून कमी होत नाही. बाईंनी हे कार्यालयाला सांगितले तेव्हा मी तेथे नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात एवढेच म्हटले की यादीच्या डोक्यावर ‘नववीच्या विद्यार्थिनी’ असे न लिहिता ‘पंधरा ऑगस्टच्या छायाचित्रात’ असे लिहावे, आणि मग जे छायाचित्रात आहेत त्या सर्वांची नावे द्यावी. शाळेला यात बोट ठेवण्यासारखे काही उरले नाही. मला ही तडजोड वाटत नाही. शीर्षक अधिक खरे झाले एवढेच.

पानांचा प्रश्न मुख्याध्यापिकांनी सोडविला. त्यांनी आपले मनोगत अर्ध्या पानाचे करून दिले, आणि खालच्या अर्ध्या पानात हिशेब छापला गेला: कागद, छपाई, टाचणी, आणि बैठकखान्याच्या बाजारातून मुखपृष्ठाचा कागद आणण्याचे ट्रामभाडे. वर्गी आणि खंदकाचा लेख अकराव्या पानावर आला, त्यात एक मुद्रणदोष राहिला, आणि मुलींनी त्यासाठी शेवटी हाताने शुद्धिपत्र लिहून प्रत्येक प्रतीत सरकविले. अंकाला रंगीत चित्र नव्हते. सरस्वतीपूजेच्या सकाळी पिवळ्या साड्या नेसून आलेल्या मुलींनी तो विकत घेतला, फुकट नव्हे, आणि गच्चीवर बसून एकमेकींच्या नावांखाली काहीबाही लिहून दिले. तोवर त्या दहावीत गेल्या होत्या. माशीने आपली प्रत कमरेला खोचून ठेवली आणि घंटा द्यायला गेली.

छायाचित्रातल्या दुसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या मुलीसाठी एक प्रत बाजूला काढून ठेवलेली होती. तिच्या गावाकडे जाणारी एक भाजीवाली शोभाबाजारच्या मंडईत बसते असा शोध मुलींनी लावला, आणि तपकिरी कागदात गुंडाळून, वर फक्त तिचे माहेरचे नाव घालून, ती प्रत तिच्याकडे दिली. मी कोलकाता सोडले तोपर्यंत पोचल्याचा निरोप आलेला नव्हता.